गाडीत बारा स्पीकर, तरी फोन कानालाच

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांच्या रस्त्यांवरून गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती आहे. काळी-पिवळी जीप चालवणारे, माल भरून नाशिक-भिवंडी करणारे पिकअपवाले, शाळेवर रोज ये-जा करणारे गुरुजी आणि बाई, आणि शनिवार-रविवारी धबधबे बघायला येणारे मुंबई-ठाणे-नाशिकचे पाहुणे, सगळ्यांनाच. येत्या शनिवारच्या आत आपल्या गाडीतला हँड्सफ्री नीट चालू करून घ्या. गाडीत तो नसेल तर बसवून घ्या. आणि बसवल्यावरही घाटात फोनवर बोलत बसू नका. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, पण पहिल्या दोन झाल्याशिवाय तिसरी कोणी पाळत नाही.

घाई कशाला, असं कोणी विचारेल. पाऊस लागलाय म्हणून. वीटभट्ट्या बंद झाल्या, भिवंडी-वसईकडे गेलेली कुटुंबं घरी परतली आणि पाड्यापाड्यांतून रस्त्यावर पायी चालणारी माणसं वाढली. आता आवणी सुरू होईल. डोक्यावर रोपांच्या मुठी आणि अंगावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेतलेल्या बाया डांबराच्या कडेनंच चालणार, कारण कडेला चालायला दुसरी जागा नाही. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला डोंगर. इरल्याखालच्या माणसाला मागून येणारी गाडी दिसत नाही आणि पावसाच्या आवाजात ती ऐकूही येत नाही. आश्रमशाळा उघडल्या की पोरांच्या रांगा लागतील. त्याच दिवसांत दाभोसा, काळमांडवी, हनुमान पॉइंट आणि देवबांधच्या वाटेनं बाहेरच्या गाड्यांची रीघ लागते. पालघरहून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत त्र्यंबकेश्वर-घोटीकडे जाणारा हा रस्ता कागदावर राष्ट्रीय महामार्ग १६०अ आहे. महामार्ग म्हटलं म्हणून वळणं सरळ होत नाहीत. विक्रमगड सोडून वर चढायला लागलात की धुकं कधी काचेवर येऊन बसेल सांगता येत नाही, आणि मोरचोंडीच्या पुढे तोरंगणचा घाट तर पाहिलेल्यालाच कळतो. मार्च २०१९ मध्ये त्याच घाटात सहलीची खासगी बस दरीत कोसळली आणि माणसं दगावली. त्या अपघाताचा फोनशी संबंध मी जोडत नाही. इतकंच सांगतो की तिथं चुकीला माफी नाही, चूक कशानेही झालेली असो.

आता या रस्त्यावर फोनचं काय होतं ते बघा. खोडाळ्याकडून मोखाड्याला येताना रेंज मध्येच जाते. खाली दरीत फोन मुका पडलेला असतो. गाडी चढण चढून वर येते, उघड्या माथ्यावर पोचते आणि फोनला टॉवर सापडतो. मग एकदम टिंग, टिंग, टिंग. अडकून पडलेले सगळे मेसेज आणि मिस्ड कॉल एका दमात येऊन आदळतात. आणि माथा म्हणजे तर वळण. नेमक्या त्या क्षणी हात खिशाकडे जातो, डोळे खाली जातात. घाटात ताशी चाळीसनं चाललेली गाडी एका सेकंदात अकरा मीटर कापते. स्क्रीनवर कोणाचं नाव आहे एवढंच बघायला तीन सेकंद लागले तरी तेहतीस मीटर गाडी आपण डोळे मिटून चालवली. धुक्यात तेवढं अंतर पुढचं दिसतसुद्धा नाही.

कायद्याचं एका दमात सांगून टाकतो, कारण कायद्याच्या भीतीनं इथं कोणी सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ ला दुरुस्ती झाली आणि गाडी चालवताना हातात धरलेला फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडू लागलं. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दंड दहा हजार किंवा कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही. रस्ता दाखवणारा नकाशा बघण्यापुरती फोनला सूट ऑक्टोबर २०२० पासून आहे, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. म्हणजे फोन होल्डरमध्ये लावून. मांडीवर ठेवून नव्हे.

खरं कोडं दुसरंच आहे. ज्यांच्या गाडीत काहीच नाही त्यांचं मी समजू शकतो. पण आज घाटात येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत साउंड सिस्टीम घरच्या टीव्हीपेक्षा भारी असते. एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलला सोनीचे बारा स्पीकर आहेत, सेल्टोसच्या वरच्या मॉडेलला बोसचे आठ. आमच्याकडचे जीपवाले आणि पिकअपवालेही कमी नाहीत; सीटखाली अ‍ॅम्प्लीफायर, मागे बेस ट्यूब, पुढे नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन. या सगळ्यांत ब्लूटूथ आहे. गाणी त्याच ब्लूटूथवरून वाजतात. आणि फोन आला की हाच माणूस आवाज बारीक करतो, फोन उचलतो आणि कानाला लावतो!

असं का, ते मी ओळखीच्या चालकांना विचारत आलोय. उत्तरं सरळ आहेत आणि खोटी नाहीत. पहिलं उत्तर, पलीकडच्याला ऐकू येत नाही. 'विहिरीतून बोलतोयस का?' असं बायको विचारते. हा दोष बहुतेक वेळा माइकचा असतो. बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओच्या खोक्यात एक छोटा काळा माइक येतो, शेंगदाण्याएवढा, बारीक लांब वायर असलेला. बसवणारा पोरगा घाईत असतो. तो माइक एकतर डॅशबोर्डच्या मागे तसाच सोडून देतो, नाहीतर ग्लोव्ह बॉक्समध्ये, वॉरंटी कार्डाच्या शेजारी. मग स्क्रीनच्या आत असलेला माइक एसीचा वारा आणि इंजिनची घरघर एवढंच ऐकतो. आजच आपला ग्लोव्ह बॉक्स उघडून बघा. तो काळा माइक सापडला तर निम्मं काम झालं. तो छताला, चालकाच्या समोरच्या सन व्हायझरजवळ, तोंडाकडे रोखून लावायचा. एसीच्या झडपेपासून आणि उघड्या खिडकीपासून लांब.

दुसरं उत्तर, आवाज घुमतो. हा त्रास भारी सिस्टीमवाल्यांना जास्त. गाण्यासाठी वूफर वाढवलेला असतो, मागचे स्पीकर मोकळे सोडलेले असतात. त्यात फोनचं बोलणं वाजलं की ते पुन्हा माइकमध्ये शिरतं आणि पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. उपाय फुकटचा आहे. बहुतेक सिस्टीममध्ये कॉलचा आवाज गाण्याच्या आवाजापेक्षा वेगळा लावता येतो. फोन चालू असताना आवाजाची कळ फिरवली की फक्त कॉलचाच बदलतो. तो मध्यम ठेवा.

तिसरं उत्तर ऐकून मला हसू आलं, पण ते सगळ्यांत खरं वाटलं. घरचं बोलणं अख्ख्या जीपला ऐकू जातं. मागे दहा माणसं बसलेली, त्यातली चार ओळखीची, आणि स्पीकरवर आई विचारतेय, पगार झाला का. यावर माझं म्हणणं असं की हा हँड्सफ्रीचा दोष नाही, गुण आहे. 'गाडीत माणसं आहेत, नंतर करतो,' एवढंच बोलून फोन ठेवावा लागतो. कानाला लावलेला फोन वीस मिनिटं चालतो, स्पीकरवरचा अर्ध्या मिनिटात संपतो.

ज्यांच्या गाडीत ब्लूटूथ नाही आणि स्टिरिओ मात्र कंपनीचा, भारी, त्यांच्याशी जरा सविस्तर बोलायला हवं. मुंबईत चारपाच वर्षं वापरलेली मोठी गाडी इकडे सेकंडहँड येते, तिचा मूळ टेप काढायचं मालकाच्या जिवावर येतं आणि तो नाशिकला किंवा भिवंडीला दुकानात जाऊन म्हणतो, हा टेप तसाच ठेव आणि फोनचं किट लाव. साध्या गाडीत हे अर्ध्या तासाचं काम. टेपमधून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींच्या मध्ये किटची जोडणी घुसते. फोन आला की किट गाणं तोडतं आणि स्वतःचा आवाज पुढच्या स्पीकरना देतं. भारी सिस्टीममध्ये हे असं चालत नाही. तिथं टेपमधून निघणारा आवाज थेट स्पीकरला जातच नाही. तो आधी सीटखालच्या किंवा डिकीतल्या अ‍ॅम्प्लीफायरकडे जातो, आणि तोही अगदी बारीक ताकदीचा. त्या वायरीत किटचा स्पीकरसाठी वाढवलेला आवाज सोडला तर फाटका, खरखरीत आवाज येतो. नशीब वाईट असेल तर अ‍ॅम्प्लीफायर जळतो. शिवाय टेप बंद असला की अ‍ॅम्प्लीफायरही झोपतो, मग फोन उचलला तरी गाडीत शांतता. काही जर्मन गाड्यांत तर टेप आणि अ‍ॅम्प्लीफायर यांच्यात तांब्याची वायरच नसते, प्रकाशावर चालणारी फायबरची तार असते. तिथं कापायला काहीच नाही आणि कापलंच तर सगळी सिस्टीम मुकी.

म्हणून दुकानदार कटर हातात घेईल तेव्हा त्याला थांबवा. आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी आणि त्या अ‍ॅम्प्लीफायरसाठी तयार मिळणारं कपलर आहे का ते आधी विचारा. ते दोन्ही बाजूंना खटकन बसतं आणि एकही वायर कापावी लागत नाही. नसेल तर किटचा आवाज टेपच्या ऑक्स इनपुटमध्ये देता येतो का बघा. तेही नसेल तर हट्ट सोडा. किटचा स्वतःचा एक छोटा स्पीकर डॅशबोर्डखाली लावून घ्या, किंवा व्हायझरला अडकवायचा ब्लूटूथ स्पीकर आणा. बोलण्यासाठी कॉन्सर्ट हॉलचा आवाज लागत नाही. बारा स्पीकरमधून सासूबाईंचा आवाज आलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

वायरिंगवाल्या भावांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात अनेक गाड्यांमध्ये पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. माइकची वायर तिच्यावरून नेली तर अपघातात एअरबॅग नीट उघडणार नाही. वायर तिच्या मागून घ्या, किंवा त्या खांबात हातच घालू नका. पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. करंट घेताना फ्यूज घालूनच घ्या. आणि एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. अँड्रॉइड स्क्रीनची एक वायर हँडब्रेकला जोडायची असते, म्हणजे गाडी उभी असतानाच व्हिडिओ दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं म्हणून ती वायर तुम्ही बॉडीला अर्थ करून टाकता आणि चालत्या गाडीत सिनेमा सुरू होतो. ते करू नका. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे.

एवढं सगळं सांगितल्यावर आता जे सांगणार आहे ते काहींना उलटं वाटेल. हँड्सफ्री म्हणजे बोलण्याचा परवाना नव्हे. रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हातात न धरता वापरायच्या फोननं तो कमी झालेला त्यांना दिसला नाही. हात मोकळे राहिले तरी मन फोनवरच्या माणसाकडे गेलेलं असतं. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की स्वतःच गप्प होतो. फोनवरच्याला वळण दिसत नाही. मग हँड्सफ्री बसवायचाच कशाला? 'घाटात आहे, खाली उतरून करतो' हे एक वाक्य स्टिअरिंग न सोडता, डोळे रस्त्यावर ठेवून सांगता यावं म्हणून. फोन वाजत राहिला की माणसाला राहवत नाही, रुग्णालयातून तर नसेल, पोरगी एसटीत बसली का, असं मनात येतं आणि हात खिशात जातो. तो हात खिशात जाऊ नये एवढंच त्या किटचं काम. सपाटीवरही बोलणं लांबणार असेल तर गाडी कडेला घ्या. वळणावर नव्हे, जागा बघून.

गाण्यांचा आवाजही घाटात उतरवा. घाटात चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम जुना आहे. पण तो पाळायला वरून येणाऱ्याला खालच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा. काचा बंद, एसी चालू आणि मागे वूफर धडधडतोय, अशा गाडीला वळणापलीकडून चढणारी एसटी ऐकू येणार कशी? दोन्ही कानांत इअरफोन कोंबून चालवणाऱ्यांचं तर विचारूच नका.

गाडी महागडी आहे, तिला काय होतंय, असं म्हणणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या चारोटीची आठवण करून देतो. ४ सप्टेंबर २०२२ ला सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज कठड्याला धडकली आणि सायरस मिस्त्री व जहांगीर पंडोल गेले. दोघंही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पट्टा गाडीत होता. तुमच्या गाडीतही आहे, हँड्सफ्रीही आहे.

फोन करणाऱ्यांनाही माझं आवाहन आहे, आणि ते चालकांइतक्याच कळकळीनं. फोन उचलला की पहिला प्रश्न 'गाडीवर आहेस का?' हा असू द्या, आणि हो म्हटलं की ठेवून द्या. जीपचे आणि ट्रॅव्हल्सचे मालक दर पंधरा मिनिटांनी 'कुठं पोचला?' विचारतात. ड्रायव्हर मालकाचा फोन टाळू शकत नाही, हे मालकालाही कळतं. लोकेशन पाठवायला सांगा आणि वाट बघा. जव्हारमधले लॉजवाले आणि होमस्टेवाले, तुम्ही पाहुण्यांना आदल्या दिवशीच लोकेशन पाठवा आणि नकाशा घरच्या वायफायवर डाऊनलोड करून निघा असं बजावून सांगा. रस्ता चुकलेला पाहुणा रेंज आली रे आली की तुम्हालाच फोन लावतो, आणि तुम्ही त्याला चालत्या गाडीत 'डावीकडे शाळा दिसली का?' विचारत राहता. त्याला आधी गाडी थांबवायला सांगा.

दुचाकीवाल्यांना स्टिरिओ नाही, पण मान वाकडी करून खांद्यात फोन धरण्याची कला त्यांनीच वाढवली आहे. हेल्मेटच्या आत फोन खोचणं ही त्याची पुढची पायरी. दोन्ही बंद करा. आणि जीपमध्ये मागे बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, गुरुजींनो, पोरांनो, चालकानं फोन कानाला लावला तर गप्प बसू नका. 'दादा, फोन ठेव, नाहीतर थांबव गाडी,' एकानं म्हटलं की बाकीचे उचलून धरतात. भाडं आपण दिलेलं आहे.

इथं अपघात झाला तर पुढे काय होतं तेही पाहुण्यांनी जाणून असावं. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि तिथले डॉक्टर-सिस्टर जीव तोडून काम करतात. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाला बहुतेक वेळा पुढे नाशिकलाच हलवावं लागतं, आणि ती वाट त्याच घाटातून, त्याच धुक्यातून जाते. रेंज नसलेल्या जागी गाडी पडली तर १०८ ला फोन लावायलाही कोणाला तरी माथ्यापर्यंत पळत जावं लागतं.

तेव्हा शनिवारी निघण्याआधी गाडी दारात उभी असतानाच फोन ब्लूटूथला जोडा, घरातल्या कोणाला तरी फोन लावून त्यांना नीट ऐकू येतंय का ते तपासा, माइक छताला लावा, 'गाडी चालवतोय' असा आपोआप जाणारा मेसेज फोनच्या ड्रायव्हिंग मोडमध्ये चालू करा आणि फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत टाका. ब्लूटूथ तिथूनही चालतं. आणि विक्रमगडच्या पुढे चढण लागली, कसाऱ्याहून येताना विहीगाव मागे पडलं किंवा त्र्यंबकहून येताना तोरंगण दिसलं, की 'घाटात आहे' यापलीकडे कोणाशीही फोनवर बोलू नका. आमची माणसं कडेनं चालताहेत.